हिंगणघाटला गळलेलं भांडं

सोमवार, १९ मे. रक्कम रुपये तीन लाख साठ हजार. हजर: मी, आमच्या वर्कशॉपमधले वेल्डर रघू मिस्त्री, हिंगणघाटचे प्रफुल्लभाऊ, ज्यांच्या शेडमध्ये आमचं भांडं गळलं, आणि त्यांचे वडील, ज्यांना घरातले आणि बाहेरचे सगळे काकाजी म्हणतात.

माझ्या डायरीत या प्रवासाचं पहिलं पान असं सुरू होतं. परत आल्यावर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी इतक्या वेळा विचारलं की सगळं नीट लिहून काढलेलं बरं.

इचलकरंजीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. आम्ही निकेलच्या मिश्रधातूची भांडी बनवतो. ही भांडी स्वयंपाकाची नव्हेत. प्रफुल्लभाऊ कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेससाठी अॅल्युमिनियमचे ऑइल कूलर तयार करतात. त्या कूलरमध्ये शेकडो बारीक जोड असतात. एकेक जोडत बसलं तर आयुष्य जाईल, म्हणून अख्खा कूलर बांधून सहाशे अंशांवर वितळलेल्या मिठात बुडवतात आणि सगळे जोड एकदम भरून येतात. या मिठात फ्लोराइड असतं. अॅल्युमिनियमवर जो पातळ पापुद्रा असतो तो ते काढून टाकतं, म्हणून जोड धरतो. पण जे अॅल्युमिनियमचा पापुद्रा काढतं, ते भांड्याचाही काढायला बघतंच. म्हणून भांडं निकेलचं, त्यात पंधरा टक्के क्रोमियम, आणि वर्षाची हमी.

हे भांडं चोवीस फेब्रुवारीला चालू झालं. बारा मेला, म्हणजे बरोबर सत्त्याहत्तराव्या दिवशी, ते पाझरू लागलं. प्रफुल्लभाऊंनी फोटो पाठवला. खालच्या कोपऱ्यात, जोडाच्या रेषेवर, मिठाचा पांढरा ओघळ. लगेच काकाजींचा फोन आला. माझा फोन स्पीकरवर होता.

"तुमच्या मिस्त्रीनं जोड कच्चा टाकला. डोळे तपासून घ्या त्याचे!"

रघू मिस्त्री माझ्या शेजारीच उभे होते. वय अठ्ठावन्न, आमच्याकडे बावीस वर्षं. जानेवारीत त्यांनी नवा चष्मा केला होता आणि भांडं त्यानंतरच जोडलं होतं. फोन ठेवल्यावर मीही विचारून बसलो, "मिस्त्री, त्या आठवड्यात चष्मा नीट बसला होता ना?" त्यानंतर पाच दिवस त्यांनी वेल्डिंगची टॉर्च हातात धरली नाही, नुसतं ग्राइंडिंग केलं. हिंगणघाटला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आपला वेल्डिंगचा मास्क पिशवीत भरला.

"तिथं वेल्डिंग नाही करायचं, मिस्त्री."

"ठावं हाय. जोड माझा सुटला असंल तर ह्यो तिथल्या नदीत टाकतो आन् घरी बसतो."

भांड्याचे तीन लाख साठ हजार परत करावे लागले तर वर्कशॉपचं अर्धं वर्ष गेलं असतं. ते भरून निघालं असतं. मिस्त्री घरी बसले असते तर ते भरून निघणारं नव्हतं. या दोन गोष्टी बरोबर घेऊन आम्ही गाडीत बसलो.

वर्धा ते हिंगणघाट

टळटळीत दुपारी वर्ध्याला उतरलो. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताच मिस्त्री म्हणाले, "मालक, भट्टीचं दार कुणी उघडं ठिवलंय?" आठवड्यातला त्यांचा हा पहिला विनोद.

प्रफुल्लभाऊ गाडी घेऊन आले होते. आधी त्यांनी आमच्या हातात दोन सुती रुमाल आणि दोन कांदे ठेवले. "कान बांधा जी, अन् कांदा खिशात ठेवा. ऊन लागत नाई." मिस्त्रींनी कांदा उलटसुलट करून पाहिला आणि ठेवला. आमच्याकडे कांदा भेळेत असतो, खिशात नसतो.

चाळीस किलोमीटरच्या वाटेत प्रफुल्लभाऊंनी भांड्याचं नावही काढलं नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. आमच्याकडे तक्रारवाला दारातच सुरू होतो. नंतर कळलं, इथे पाहुणा पाणी पिऊन, जेवून, झोपून उठेपर्यंत त्याला कामाचं विचारत नाहीत. मग तो पाहुणा भांडणासाठी आलेला का असेना.

घर आणि शेड एकाच आवारात. दारात काकाजी उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, पांढरी बंडी. सगळं आयुष्य कापूस खरेदीत गेलेलं. कैरीचं पन्हं हातात देऊन ते माझ्याकडे बघत म्हणाले, "हेच का मिस्त्री?"

"व्हय, मीच," मिस्त्री म्हणाले.

"चष्मा नवा दिसते."

"जानेवारीत केला."

"हं."

एवढंच. पन्हं उत्तम होतं.

भांडं भट्टीत खोल बसवलेलं होतं. ते उचलायची चेनपुली एका जिनिंगमधून दुसऱ्या दिवशी यायची होती. काकाजी म्हणाले, "भांडं कुठं पळून नाई चाललं. आता लेटा. बाहेर पंचेचाळीस आहे."

त्यांनी आपली स्वतःची झोपायची खोली आम्हाला दिली. शेडच्या टोकाला दहा बाय बारा, जाड भिंती, खिडकीत भला मोठा पत्र्याचा कूलर. तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांवरून पाणी झिरपतंय आणि आतून गार, ओलसर, गवताच्या वासाची हवा. माझ्या खिशात लहान थर्मामीटर असतो. एकोणतीस अंश. इचलकरंजीत आम्ही मे महिन्यात पंख्याखाली तळमळतो. विदर्भातले लोक आमच्यापेक्षा सुखात झोपतात हे मला त्या दिवशी कळलं.

खाटेच्या पायथ्याशी भिंतीला लागून मिठाची निळी पिंपं होती. चार सीलबंद, एक उघडं, त्यावर गोणपाट. शेजारी लाकडी मोगरी.

"मीठ इथे?" मी विचारलं.

"मंग उन्हात काऊन ठेवू?" काकाजी म्हणाले. "पोरानं टिनाखाली ठेवलं होतं, तापून राह्यलं होतं. लाखाचा माल आहे. एप्रिल लागल्याबरोबर मीच आणवला इकडं."

मला त्यांची काळजी आवडली. डायरीत मी लिहिलं: 'मालाची निगा चांगली.' शाई कागदावर थोडी फुटली. पेन जुनं झालं असेल म्हणून मी झोपलो आणि दोन तास मेल्यासारखा झोपलो.

संध्याकाळी काकाजी आम्हाला वेणा नदीकडे फिरायला घेऊन गेले. पात्रात पाणी बेताचंच, पण वारा सुसह्य झाला होता. वाटेत कापसाच्या गोष्टी. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापायचा, हा तिकडचा धर्म. आता त्याला मशीन आलं आहे. काकाजींना ते कधी लागलं नाही.

"मूठ दाबली की कळते. चाळीस वर्षांत ओलाव्यात मले कोणी फसवलं नाई. पाणी मारून आणलेला कापूस मी बैलबंडीवरच ओळखतो." बोलता बोलता त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावरचा पंचा मुठीत दाबला. "अकरा."

"घाम हाय त्यो," मिस्त्री म्हणाले.

"मी पाणीच म्हणतो. कोणाचं ते नाई विचारलं."

मिस्त्री हसले नाहीत, पण पंचा त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतला, काकाजींच्या हातापासून लांब.

रात्रीच्या जेवणात प्रफुल्लभाऊंच्या पत्नीने, सीमावहिनींनी, पाटवडीचा रस्सा केला होता. आमचं कोल्हापूरकडचं तिखट जिभेवर लागतं. हे जेवण झाल्यावर, हात धुताना, कानामागे लागतं. मी तीन वाट्या घेतल्या. मिस्त्रींनी अर्धी.

चेनपुली

मंगळवारी सकाळी तर्री-पोहे झाले आणि चेनपुली आली. एकशे चार किलोचं भांडं हळूहळू वर आलं. मीठ आधीच काढून घेतलं होतं. गरम पाण्याने धुतलं, पुसलं आणि शेडच्या दारात उजेडाला तिरपं ठेवलं. काकाजी खुर्ची घेऊन समोर बसले. मिस्त्री मागे भिंतीला टेकून उभे राहिले, पिशवी हातात.

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक लहान लोहचुंबक आहे. तो कशाला, हे सांगतो. या मिश्रधातूत क्रोमियम असेपर्यंत त्याला चुंबक चिकटत नाही. हवेत क्रोमियम धातूवर एक पातळ कवच धरतं आणि भांडं टिकतं. फ्लोराइडच्या मिठात ते कवच विरघळतं. मीठ कोरडं असेल तर नुकसान फार सावकाश होतं. पण मिठात पाणी असलं की तापल्यावर त्याचं आम्ल होतं, आणि ते धातूतलं क्रोमियम वेचून वेचून नेतं. निकेल आणि लोखंड मागे राहतं, डाळिंबाचे दाणे काढून घेतल्यावर राहणाऱ्या सालासारखं. त्याला मात्र चुंबक चिकटतो.

भांड्याच्या बाहेरून लावला. घसरून पडला. आतून, वरच्या काठाला, जिथवर मीठ पोचत नाही, तिथे लावला. पडला. मग मिठाच्या रेषेखाली लावला.

टक्.

चिकटून राहिला. मी तो काढून वीतभर खाली लावला. टक्. समोरच्या भिंतीला, तळाला, जोडापासून फूटभर लांब. टक्, टक्.

"काय करून राह्यले हे?" काकाजींनी मुलाला विचारलं.

मी सांगितलं. मग लाल रंग काढला. तो फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. जिथे भेग असेल तिथे लाल रंग परत वर येतो. दहा मिनिटं वाट पाहिली. मग पांढऱ्यावर लाल ठिपके उमटू लागले. आतल्या भिंतीवर गोवर आल्यासारखे, सगळीकडे. आणि आरपार भोक होतं ते जोडात नव्हतं. मी पट्टी लावली. जोडाच्या कडेपासून अकरा मिलिमीटर दूर, पत्र्यात. मीठ तिथून निघून जोडाच्या उंचवट्याला अडलं होतं आणि त्याच्या कडेने ओघळलं होतं. फोटोत म्हणूनच जोड गळल्यासारखा दिसत होता.

"मिस्त्री, इकडे या. बघा."

ते आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जोडावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माघारी भिंतीशी जाऊन पिशवी खाली ठेवली. इतका वेळ ती त्यांच्या हातातच होती.

काकाजी मात्र सहज सोडणारे नव्हते. "जोड चांगला, मंग भांडं काऊन गळलं? पत्रा खराब दिला तुम्ही?"

"मिठात पाणी होतं."

"पाणी? इथं?" प्रफुल्लभाऊ हसू लागले. "अहो, मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पाणी प्यायले पुरत नाई, अन् मिठात कुठून येईल?"

नवीन मीठ टाकताना तडतडतं का, मी विचारलं. तडतडतं. धूर येतो? येतो, डोळे चुरचुरतात, ओलं फडकं बांधून टाकतो. केव्हापासून? एप्रिलपासून. म्हणजे पाणी होतंच. पण कुठून, ते त्या रखरखीत आवारात उभं राहून कोणालाच सुचत नव्हतं. पत्रा खराब दिल्याचा संशय हवेत तसाच लटकत राहिला आणि आम्ही जेवायला बसलो.

आमरस, गोळाभात, आणि आंजी गावच्या, काकाजींच्या मुलीच्या मळ्यातली भरली वांगी. सीमावहिनी तळलेल्या कुरडया घेऊन आल्या. चिमटीत धरल्या तर चुरा व्हावा अशा.

"खा जी, लाजू नका. भांडं गळलं म्हणून पोट काऊन मारता?"

"वहिनी, इतकी कुरकुरीत कशी राहते?" मी विचारलं.

"माडीवर ठेवते ना, टिनाखाली. तिथं काही होत नाई. मागच्या साली काकाजीच्या खोलीत डबा ठेवला होता, झाकण थोडं उघडं राह्यलं, तर आठ दिवसांत सारी सादळली. चामड्यासारखी. तवापासून कूलरच्या हवेत मी पापड-कुरडई ठेवत नाई."

त्या वाढायला पुढे गेल्या. त्यांना वाटलं त्या कुरडईबद्दल बोलल्या.

माझ्या डोळ्यांपुढे फुटलेली शाई आली. मग मोगरी. मी प्रफुल्लभाऊंना विचारलं, "उघड्या पिंपाशेजारी मोगरी कशाला ठेवलीय?"

"डल्ले होतात ना मिठाचे. फोडाले."

काकाजींचा हात रसाच्या वाटीतच थांबला होता.

कोणी काही म्हणायच्या आत ते उठले. आम्ही मागोमाग गेलो. खोलीत कूलर घरघरत होता. गार झोत खाटेवरून थेट उघड्या पिंपावर. काकाजींनी गोणपाट बाजूला केलं आणि हात आत घालू लागले.

"काकाजी, थांबा, हे नुसत्या हातानं धरायचं नाही!" मी रबरी मोजा पुढे केला.

"मोजा घालून कापूस नाई पाह्यला मी कधी."

"हा कापूस नाही."

त्यांनी मोजा चढवला, मूठ भरली, दाबली, उघडली. मीठ लाडवासारखं वळलेलं. पुन्हा दाबलं, डोळे मिटून.

"साडेपाच," ते म्हणाले.

लाडू त्यांनी पिंपात परत ठेवला, अलगद. मग खिडकीशी जाऊन कूलरचं बटण बंद केलं. घरघर थांबली तेव्हा कळलं ती केवढी मोठी होती. बाहेर पंचेचाळीस अंश होते, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बंद कूलरसमोर खाटेवर बसला. "चाळीस वर्षं दुसऱ्याचा ओलावा पाह्यला," एवढंच बोलले.

मिस्त्री इतका वेळ दारात होते. ते आत आले आणि कूलर पुन्हा चालू केला.

"मीठ बाहेर काढूया की, काकाजी. मानूस कशाला बाहेर काढायचं?"

एक हजार ग्रॅम

अंदाजावर हिशेब मिटवणं मला जमत नाही. बुधवारी सकाळी दोन ट्रे घेतले. एकात उघड्या पिंपातलं मीठ, बरोबर एक हजार ग्रॅम. दुसऱ्यात सील फोडलेल्या नव्या पिंपातलं, तेवढंच. चार तास ओव्हनमध्ये. काकाजी सगळा वेळ ओव्हनसमोर बसून होते.

नवं भरलं नऊशे सत्त्याण्णव ग्रॅम. उघडं भरलं नऊशे सेहेचाळीस.

"म्हणजे पाच पॉइंट चार टक्के," मी म्हणालो. "तुम्ही साडेपाच म्हणाला होता."

"वय झालं," काकाजी म्हणाले.

पहिल्यांदा सगळे एकदम हसले. मिस्त्री सर्वांत जास्त.

दोष वाटायची वेळ आली तेव्हा मी माझा कागद काढला. भांड्याबरोबर आम्ही जी सूचना देतो तीत मिठाबद्दल एकच ओळ आहे: 'कोरड्या जागी ठेवावे.' प्रफुल्लभाऊ म्हणाले, "हे वाचून आम्ही हसलो होतो जी. इथं ओली जागा दाखवा म्हटलं." त्यांचं बरोबर होतं. ती ओळ इचलकरंजीत बसून लिहिलेली होती. कोरडं म्हणजे काय, हे मी गावागणिक विचारायला हवं होतं. आता सूचनेत लिहिलं आहे: पिंप सीलबंद, कूलरच्या खोलीत नाही, वापरण्याआधी चार तास सुकवून, दर आठवड्याला एक हजार ग्रॅम तोलून. आणि सीमावहिनींच्या सांगण्यावरून शेवटची ओळ: 'जिथे कुरडई सादळते तिथे मीठ ठेवू नये.'

ठरलं ते असं. नव्या भांड्याच्या पत्र्याचे दोन लाख सत्तर हजार प्रफुल्लभाऊ देणार. कापणी, घडणी, भाडं माझ्याकडे. मिठाची पिंपं माडीवर टिनाखाली, कुरडयांच्या डब्यांशेजारी गेली. काकाजी आपल्या खोलीत.

दुपारी ते आम्हाला पोचवायला वर्ध्यापर्यंत आले. नालवाडीजवळ गाडी थांबवून थंडगार उसाचा रस पाजला आणि माझ्या घरासाठी गोरसपाकाचे, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन डबे घेतले. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा त्यांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढलं आणि माझ्याकडे न देता मिस्त्रींपुढे धरलं.

"नव्या भांड्याच्या जोडाची मजुरी. नऊ हजार. तुमच्या मालकाले विचारून घेतली."

"मजुरी मालक देत्यात मला."

"या टायमाले मी देतो. अन् जोड तुम्हीच टाकजा. दुसऱ्याच्या हातचा मले नाई चालत." मग त्यांनी दुसऱ्या खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि पाकिटावर ठेवलं. "हा दंड. फोनवर बोललो त्याचा. जास्त देलं तर तुम्ही घेणार नाई."

मिस्त्रींनी नाणं आधी उचललं, पाकीट नंतर.

गाडी सुटल्यावर ते खिडकीशी बसले. खिशातून कांदा काढला, मास्कच्या पिशवीत ठेवला, आणि गोरसपाकाचा डबा उघडायला सांगितला. चार खाल्ले. मी बराच वेळ डायरीत आकडे मांडत होतो. तीन लाख साठ हजारांची बेरीज जुळली होती, तरी पान पुरं होत नव्हतं. चष्म्याचा प्रश्न काकाजींनी एकट्यांनीच विचारला नव्हता.

अखेर दिलेली रक्कम: काकाजींकडून रघू मिस्त्रींना, वर्धा स्टेशनवर, नऊ हजार एक रुपये. माझ्याकडून रघू मिस्त्रींना, पुढचं स्टेशन यायच्या आत, एक रुपया. दोन्ही रोख. पावती मागितली नाही.